आई बी, बाबा ए आणि पोरगी ओ? गाळलेल्या एका अक्षराची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्याकडे बारशाच्या आधीच एक छोटं वादळ येऊन गेलं. चुलतभावाला मुलगी झाली, तिच्या कागदावर ब्लड ग्रुप ओ पॉझिटिव्ह लिहिलेला, आणि तो कागद फॅमिली ग्रुपवर पडतो न पडतो तोच आत्याचा मला फोन. "अगं, ह्याचा ए, हिचा बी, मग पोरीचा ओ कुठनं आला? कागद बदलला नाही ना कुणाचा?" कागदाचं ती बोलली, त्याच्या पुढचं बोलली नाही, पण मला ते ऐकू आलंच. घरात बायोलॉजी शिकलेली मी एकटी, त्यामुळे असले सगळे फोन माझ्या वाट्याला. तिला तेव्हा अर्धा तास जे समजावलं तेच इथे जरा नीट लिहून काढते, कारण हा प्रश्न कितीतरी घरांत पडतो आणि कधीकधी त्यावरून उगाच नको ते संशय घेतले जातात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण बोलताना सर्रास म्हणतो की "त्याच्यात अमुक जीन आहे, माझ्यात नाही." ब्लड ग्रुपच्या बाबतीत असं काही नसतं. ए वाल्याचा एक जीन, बी वाल्याचा दुसरा आणि ओ वाल्याचा तिसरा, असं नाहीये. जीन एकच, नाव एबीओ, जागा सगळ्यांची एकच, नऊ नंबरच्या क्रोमोसोमवर (क्रोमोसोम म्हणजे पेशीतली डीएनएची गुंडाळी). तो तुमच्यात आहे, माझ्यात आहे, आत्यातही आहे. फरक आहे तो त्याच्या आत लिहिलेल्या मजकुरात, आणि तोही इतका बारीक की ऐकून हसू येईल. एकाच जीनच्या अशा थोड्या थोड्या वेगळ्या प्रतींना अलील म्हणतात, मी इथे आपलं सरळ व्हर्जन म्हणते.

आता मजकूर म्हणजे काय. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब ओळ आहे, अक्षरं ए, टी, जी आणि सी (हा ए वेगळा आणि ब्लड ग्रुपचा ए वेगळा, इथे बरेच जण गडबडतात). माणसात अशी साधारण ३०० कोटी अक्षरं असतात आणि त्याचे दोन संच, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. त्यातला जेमतेम एक-दोन टक्के भाग प्रोटीन कसं बनवायचं ते सांगतो, आणि तो भाग पेशी वाचते ती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत. प्रत्येक तीन अक्षरी शब्द म्हणजे एक अमिनो अॅसिड, आणि अमिनो अॅसिडची माळ ओवली की झालं प्रोटीन. मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही, सुरुवात कुठे आहे ते कळलं की पुढे तीन-तीन मोजत जायचं.

पहिलीच्या पुस्तकात काना-मात्रा नसलेली वाक्यं असायची ना, तसं एक घेऊ. कमल गरम वरण बनव. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा, मस्त. आता यात एकच अक्षर बदलून बघा. कमल चं कमळ केलं, एक अक्षर बदललं पण अर्थ तोच राहिला, कुणाचं काही बिघडलं नाही. डीएनएमध्ये असे बदल चिक्कार असतात, कारण बऱ्याच अमिनो अॅसिडला एकापेक्षा जास्त शब्द आहेत, म्हणजे जीएजी लिहा नाहीतर जीएए लिहा, येणार ग्लुटॅमिक अॅसिडच. आता वरण मधला व काढून तिथे ह टाका. कमल गरम हरण बनव. वाक्य व्याकरणात बसतं, वाचताही येतं, पण जेवायला बसलेल्यांची पंचाईत. आणि म टाकलात तर वरणाचं मरण होतं. अक्षर एकच, जागाही तीच, पण कुठलं अक्षर आलं यावर सगळं.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. अक्षर बदलायचं नाही, गाळूनच टाकायचं. गरम मधला र खाऊन टाका आणि मग परत तीन-तीन वाचा: कमल गमव रणब नव. पहिला शब्द जागेवर आहे, दुसऱ्याचा भलताच अर्थ झाला आणि पुढे नुसता कचरा. चूक एका अक्षराची पण तिच्यापुढचं अख्खं वाक्य सरकलं. ओ ब्लड ग्रुपची गोष्ट म्हणजे नेमकी हीच.

एबीओ जीन एक एन्झाइम बनवतो, म्हणजे पेशीतला एक कामगार समजा. आपल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला एच नावाची रचना असते. तिला आपण खुंटी म्हणू. ए व्हर्जनचा कामगार त्या खुंटीवर एका प्रकारची साखर अडकवतो, समजा टोपी. बी व्हर्जनचा दुसऱ्या प्रकारची अडकवतो, समजा पिशवी. दोन्ही व्हर्जन असतील तर काही खुंट्यांवर टोप्या, काहींवर पिशव्या, तो झाला एबी. आणि ओ म्हणजे खुंट्या रिकाम्याच, कारण कामगार कामावर आलेलाच नाही.

ए आणि बी मध्ये फरक किती? एन्झाइम ३५४ अमिनो अॅसिडचं, आणि नेहमीच्या ए आणि बी व्हर्जनच्या या मजकुरात फरक फक्त सात अक्षरांचा. त्या सातातलेही तीन कमल-कमळ छाप, अर्थ न बदलणारे. उरलेल्या चारांमुळे चार अमिनो अॅसिड बदलतात, आणि त्यातलीही दोनच मुख्यतः ठरवतात की कामगार टोपी उचलणार की पिशवी. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये हे गट जगासमोर मांडले तेव्हा जीनमध्ये अक्षरं असतात हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि एबीओ जीनची अक्षरं वाचून हा फरक सापडायला १९९० उजाडलं. नव्वद वर्षं रक्त चढवत होतो आपण, गट का वेगळे ते नीट माहीत नसताना.

आणि ओ? ओची बरीच व्हर्जन आहेत, पण जे खूप कॉमन आहे त्यात २६१ व्या जागचं एक जी गायब आहे. बस. बाकी मजकूर जवळजवळ सगळा ए सारखा. पण ते एक अक्षर गेल्यामुळे पुढची सगळी वाचनं सरकतात, थोडं पुढे गेल्यावर चुकून "थांबा" असा अर्थ असलेला शब्द तयार होतो आणि एन्झाइम एक-तृतीयांश बनतं न बनतं तोच काम संपतं. अर्धवट कामगार, कुठलीच साखर उचलू शकत नाही. म्हणजे ओ हा काही स्वतंत्र गुण वगैरे नाही, तो बंद पडलेला ए आहे म्हणा ना. आणि तरीही जगात सगळ्यात जास्त लोक ओ आहेत आणि ठणठणीत आहेत, त्यामुळे "बिघडलेला जीन म्हणजे आजार" हे समीकरणही इथेच मोडीत निघतं.

हे कळलं की आत्याचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बाबांची. माझ्या चुलतभावाचा ग्रुप ए, पण त्याच्या दोन प्रती ए आणि ए असू शकतात किंवा ए आणि ओ. दुसरी प्रत बंद असली तरी पहिली टोप्या अडकवतेच आहे, त्यामुळे साध्या रक्त तपासणीत दोन्ही प्रकारांत रिपोर्ट 'ए' असाच येणार, आत लपलेला ओ दिसणारच नाही. वहिनीचंही तसंच, बी आणि ओ. आता दोघांनी आपल्या दोनपैकी एक-एक प्रत पोरीला दिली आणि योगायोगाने दोघांकडून ओच आला, झाली पोरगी ओ. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाच्या वेळी ही शक्यता चारात एक असते, ए ची तेवढीच, बी ची तेवढीच, एबी ची तेवढीच. म्हणजे या एकाच घरात चार ग्रुपची चार भावंडं निघू शकतात आणि त्यात कुणाचंच काही लपवलेलं नसतं.

(पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही भानगड वेगळ्या जीनची आहे, तो एक नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. आणि वर मी जीन सगळ्यांत असतो म्हणाले त्याला इथे अपवाद निघतो, निगेटिव्ह माणसांमध्ये तो जीन बऱ्याचदा अख्खाच्या अख्खा गायब असतो. जीवशास्त्रात ठामपणे एक वाक्य बोलायची सोय नाही.)

ब्लड ग्रुपचा विषय निघाला आणि मुंबईचं नाव आलं नाही असं कसं होईल. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे कुठल्याच गटात बसेना. तपासलं तर ओ सारखं दिसतं, पण ओ रक्ताशीसुद्धा जुळत नाही. पुढे जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणायला लागले आणि शहराचं नाव बदललं तरी हे नाव काही बदललं नाही. इथे गंमत काय आहे बघा, या लोकांचा एबीओ जीन चांगला असू शकतो, टोपीवाला कामगार हजर आहे, टोप्या तयार आहेत, पण भिंतीवर खुंटीच नाही. ती खुंटी बनवणारा जीन वेगळा, एकोणीस नंबरच्या क्रोमोसोमवरचा, आणि भारतात जे नेहमी दिसतं त्या व्हर्जनमध्ये ७२५ व्या जागी टी च्या ऐवजी जी आलाय. एक अक्षर. दोन्ही प्रती अशा असतील तर खुंटी बनत नाही, मग शरीराला ओ रक्तावरच्या रिकाम्या खुंट्यासुद्धा परक्या वाटतात आणि ते त्यांच्यावर तुटून पडतं. या माणसाला फक्त दुसऱ्या बॉम्बे ग्रुपवाल्याचंच रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो असं सांगितलं जातं, युरोपात दहा लाखांत एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं व्हायची, अजूनही काही ठिकाणी होतात, त्यात एकाच आजोबांची तीच दुर्मिळ प्रत दोन्ही बाजूंनी फिरून एका बाळात येण्याची शक्यता वाढते, हेही एक कारण.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. आई-बाप दोघं "ओ" आणि मूल ए, असंही होऊ शकतं, जर त्यातला एक खरा ओ नसून बॉम्बे असेल तर. दुर्मिळ आहे, पण होतं. म्हणून ब्लड ग्रुपवरून मूल कुणाचं ते ठरवायच्या फंदात पडू नका, त्यासाठी डीएनए टेस्ट असते.

आता जरा गंभीर बाजू. आपल्याकडे ध चा मा करणे म्हणतात, १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची ती गोष्ट, धरावे चं मारावे केलं म्हणतात. इतिहास म्हणून ती किती खरी ते इतिहासवाले बघतील, पण सिकलसेल हा रक्ताचा आजार समजावायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारा जीन अकरा नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, त्याचं प्रोटीन १४६ अमिनो अॅसिडचं. त्यातल्या सहाव्या शब्दात जीएजी च्या जागी जीटीजी झालं की ग्लुटॅमिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं. पहिलं पाण्याशी दोस्ती करणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं, तेलासारखं. १४६ पैकी एक बदललं तर काय एवढं, असं वाटतं, पण ते नेमकं प्रोटीनच्या बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, त्या दोऱ्या लाल पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य दुखतं, आणि एरवी १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी. हा एका अमिनो अॅसिडचा फरक व्हर्नन इनग्रम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली शोधला, आणि एका छोट्या बदलाने प्रोटीन कसं बदलतं ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागातल्या लोकांना हे मी सांगायला नको, तिथे एएस पॅटर्न आणि एसएस पॅटर्न हे शब्द गावोगावी माहीत आहेत. एएस म्हणजे वाहक, एक प्रत नेहमीची आणि एक बदललेली, याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या, तो रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस ची. प्रत्येक गरोदरपणात, हे परत लिहिते, कारण "पहिलं मूल आजारी झालं म्हणजे आता पुढची तीन चांगली" असा हिशोब लोक करतात आणि तो साफ चुकीचा आहे, फासा दर वेळी नव्याने पडतो. लग्नाआधी तपासणी करा म्हणून सांगतात ते यासाठीच, आणि वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही, हेही तितकंच ओरडून सांगायला हवं, नाहीतर मुलींची लग्नं मोडतात.

मग इतकं त्रासदायक व्हर्जन टिकलं कसं? मलेरियामुळे. वाहकांना फॅल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) झाला तरी तो जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी असते. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने पोरं दगावली तिथे एक बदललेली प्रत असणारे जास्त जगले, आणि तीच प्रत पुढे गेली. जंगलपट्ट्यात हे व्हर्जन जास्त दिसतं त्यामागे हा हिशोब आहे.

आणि एक अक्षर दुसऱ्या अक्षराला आवर घालतं तेही इथेच दिसतं. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, जन्मानंतर ते बंद होत जातं. भारतात आणि अरबस्तानात सिकलसेलचं व्हर्जन ज्या डीएनएच्या तुकड्याबरोबर येतं त्यावर जवळच आणखी एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे ते बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडंफार चालू राहतं आणि दोऱ्या बनायला अडथळा येतो. म्हणून आपल्याकडे काही जणांचा आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. सगळ्यांचा नाही हं, विदर्भात तीव्र त्रास असलेले रुग्णही भरपूर आहेत. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जीन एडिटिंगची ट्रीटमेंट हीच युक्ती वापरते, सिकलसेलचं अक्षर दुरुस्त करत नाही, बाळाचं हिमोग्लोबिन परत चालू करते.

बाळाचं हिमोग्लोबिन चालू ठेवणारं वरचं हे अक्षर प्रोटीनच्या मजकुरात नव्हतंच, लक्षात आलं का? ते आहे जीनच्या आधी, स्विचपाशी. दुधाचंही असंच. दूध पचवणारा लॅक्टेज जीन बऱ्याच माणसांत लहानपणानंतर मंदावतो, पण काहींमध्ये जीनच्या सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडे, चक्क शेजारच्या जीनच्या आत, एका सी चा टी झालेला असतो आणि स्विच चालूच राहतो. युरोपात जे अक्षर आहे तेच भारतातही सापडतं, उत्तर-पश्चिमेकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. एन्झाइम तंतोतंत सारखं, फक्त ते कधीपर्यंत बनवायचं यात फरक. ज्यांना ग्लासभर दुधाने पोट गडगडतं पण ताक चालतं त्यांनी स्वतःला नाजूक समजू नये.

ही अक्षरं बदलतात कशी, तर पेशी विभागताना अख्खा मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो, चुका दुरुस्त करायची यंत्रणाही आहे, पण ३०० कोटी अक्षरांत काहीतरी निसटणारच. प्रत्येक बाळात आई-बाप दोघांतही नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, बहुतेक बापाकडचे, आणि बापाचं वय वाढतं तसे तेही वाढतात. बहुतेक अशा जागी पडतात जिथे काहीच फरक पडत नाही. तुमच्यात आणि माझ्यात साधारण हजार अक्षरांमागे एक वेगळं निघेल. ऐकायला कमी, पण मोजलं तर तीसेक लाख होतात.

बाकी सगळं ब्लड ग्रुपसारखं सोपं नसतं हेही सांगून टाकते. उंचीचं बघा, २०२२ मध्ये पन्नास लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासून उंचीशी संबंध असलेल्या १२ हजारांहून अधिक जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर, आणि वर खाणंपिणं वेगळंच. त्यामुळे एका थुंकीच्या सँपलवरून मुलगा इंजिनियर होणार की क्रिकेटर हे सांगणाऱ्या जाहिराती दिसल्या की मी सरळ पुढे स्क्रोल करते.

तर आत्या. एवढं ऐकून ती म्हणाली, "बरं, त्याच्यात तो ओ लपून बसलेला होता. पण त्याच्यात कुठनं आला?" हा प्रश्न मात्र भारी होता. काकूंचा ग्रुप एबी, म्हणजे त्यांच्याकडे ओ ची प्रतच नाही, त्यामुळे चुलतभावाचा ओ काकांकडूनच आला. काकांचा ग्रुप ए. आणि आजीचा, म्हणजे काकांच्या आणि आत्याच्या आईचा, ओ होता, तिच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही सगळे रक्तासाठी धावलो होतो तेव्हापासून पाठ आहे. ओ माणूस मुलांना ओच देऊ शकतो. म्हणजे आजीकडून काका, काकांकडून भाऊ आणि भावाकडून ही पोरगी.

आत्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आईचं काहीतरी आलंय की पोरीत."

म्हटलं हो, एक गाळलेलं अक्षर. आणि ते तुझ्यातही आहे.